कडू आणि तुरट : हॉपदार बेल्जियन एलच्या चाखणीच्या नोंदी

१३ जानेवारी २०२५

आज दुपारी पहिली बॅच आंबवणीच्या टाकीत गेली. फोंडा तालुक्यातील आमच्या छोट्या परवानाधारक ब्रुअरीत आजवर लागर आणि गव्हाची बिअर यांपलीकडे काही झाले नव्हते. त्यामुळे हॉपचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि गंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, ठळक सुगंध आणि बेल्जियन यीस्टचा लवंगेसारखा गंध एकाच ग्लासात नांदवणारी एल (उबेत आंबवली जाणारी बिअर) तयार करायची, आणि ती जमली की नाही हे यंत्रांच्या आकड्यांवर न सोडता माणसांच्या जिभेने ठरवायचे, असे या प्रकल्पाचे स्वरूप आम्ही ठरवले आहे. बिअर तयार करणे हे माझ्या सहकाऱ्याचे काम आहे. चाखणीची मांडणी, नोंदी आणि त्यांतून निघणारे निष्कर्ष ही जबाबदारी माझी आहे.

बेल्जियमला हॉपचे वावडे आहे असा समज आपल्याकडे आढळतो, तो बरोबर नाही. वेस्ट फ्लँडर्समधील पोपरिंगे हा हॉपच्या लागवडीचा जुना प्रदेश आहे, आणि ओरवालच्या ट्रॅपिस्ट (कॅथलिक साधूंच्या एका पंथाच्या) मठातील ब्रुअरी १९३१ साली सुरू झाल्यापासून तिथली बिअर तिच्या हॉपसाठी ओळखली जाते. अमेरिकन हॉपचा मोह बेल्जियन ब्रुअरींना अलीकडे पडला. आर्देनमधील आशूफ ब्रुअरीने २००६ मध्ये 'उब्लों शूफ' आणली आणि तीत टोमाहॉक, साझ व अमारिलो हे तीन हॉप एकत्र वापरले, तर डुव्हेलने पुढच्याच वर्षी आपल्या नेहमीच्या दोन हॉपांत अमारिलोची भर घालून 'ट्रिपल हॉप' केली. आपल्या गोव्यातील ग्राहकाला हॉपची ओळख झाली ती बहुतांशी 'एट फिंगर एडी'सारख्या आयपीएमुळे, म्हणजे हॉपवर भर असलेल्या एलमुळे, ज्यात यीस्ट मागे राहते आणि फळांचा गंध पुढे येतो. आम्हाला करायची आहे ती बिअर या दोन्हींच्या मधली आहे.

पाककृती साधी ठेवली आहे. पिल्सनर मॉल्ट (मोड आणून वाळवलेले सातू), थोडा गहू, अंग हलके राहावे म्हणून थोडी साखर. उकळीत साझ, शेवटी साझ आणि अमारिलो. वर्टची, म्हणजे मॉल्टमधून काढलेल्या न आंबलेल्या गोड द्रवाची, सुरुवातीची घनता १.०५२ आली. कडूपणाचा हिशेब ४२ आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजण्याचे एकक) इतका निघतो. बॅच ५०० लिटरची आहे.

१७ जानेवारी २०२५

काल पहाटे वीज गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत चिलर बंद राहिला. यीस्ट तेव्हा सर्वांत जोरात असल्यामुळे टाकीचे तापमान २० अंशांवरून २६ अंशांपर्यंत चढले. बेल्जियन यीस्टला ऊब मानवते हे खरे, पण ती आंबवणीच्या उत्तरार्धात दिलेली बरी. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती मिळाली तर केळ्याचा गंध देणारे एस्टर वाढतात आणि जड अल्कोहोल घशाला चटका देतात. आज टाकीच्या तोंडाशी आलेला वास रसाळ फणसाच्या गऱ्यासारखा आहे. पिकलेल्या फणसात आणि केळ्यात आयसोअमाइल गटातील एस्टर असतात आणि यीस्टही त्याच गटातील द्रव्ये बनवते, त्यामुळे हे साम्य केवळ कल्पनेतले नाही. चाखणीच्या तक्त्यात 'केळे' या शब्दाशेजारी 'रसाळ फणस' हाही शब्द घालायचे ठरवले.

२७ जानेवारी २०२५

चाखणाऱ्यांचा गट आज निश्चित झाला. नऊ जण आहेत : ब्रुअरीतील तिघे, कुंडईच्या एक बागायतदार ताई, साखळीचे एक निवृत्त मराठी शिक्षक ज्यांना सगळेच सर म्हणतात, डिचोलीतील मसाल्याचे व्यापारी असलेले काका, त्यांची सून, पेडण्याचे एक फेणी गाळणारे आणि पणजीत औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एक ताई. बिअरचा अभ्यास केलेले लोक मी मुद्दाम घेतले नाहीत. गंध ओळखण्याची सवय ज्यांच्या रोजच्या कामात मुरलेली आहे असे लोक घेतले. मसाल्याच्या काकांनी डोळे मिटून जायपत्री आणि जायफळ वेगळे सांगितले, आणि फेणीवाल्यांनी हुर्राकचे (काजूच्या रसाच्या पहिल्या गाळपाचे) दोन नमुने हुंगून कोणता आदल्या दिवशीचा ते ओळखले. अशा नाकांना बिअर शिकवणे सोपे आहे, हे मला तेव्हाच पटले.

चाखणीचे नियमही ठरले. वेळ सकाळी अकराची, म्हणजे न्याहारी होऊन दोन तास झालेले असतात आणि जेवणाची भूक अजून चढलेली नसते. त्या दिवशी अत्तर, सुगंधी तेल आणि पान वर्ज्य. प्रत्येक नमुना ५० मिलिलिटर, तोंडाशी आत वळलेल्या ट्युलिप ग्लासात, तीन आकडी यादृच्छिक क्रमांकासह. तोंड स्वच्छ करण्यासाठी बिस्किटांऐवजी उकड्या तांदळाची बिनमिठाची पातळ पेज ठेवली आहे, कारण बिस्किटातील साखर आणि तूप पुढच्या घोटावर परिणाम करतात.

१० फेब्रुवारी २०२५

पहिल्या बॅचची पहिली चाखणी झाली आणि ती अर्धी वाया गेली. चाखणीची खोली स्वयंपाकघराला लागून होती आणि तिकडे सुंगटे (कोळंबी) तळायला घेतल्यावर कोणालाही हॉपचा गंध लागेना. गट वरच्या मजल्यावर हलवला, पण तोपर्यंत बिअर कोमट झाली होती. खोलीत ३२ अंश असताना ८ अंशांवर ओतलेली ५० मिलिलिटर बिअर पाहता पाहता १५ अंशांच्या पुढे जाते. पुढच्या वेळी ग्लास ओतून ठेवायचे नाहीत, प्रत्येक नमुना चाखण्याच्या क्षणी ओतायचा.

जेवढे हाती लागले ते असे. गंधाच्या रकान्यात लवंग, फणस, पपनसाची साल, धणे आणि ओले गवत हे शब्द आले. धण्याचा उल्लेख मसाल्याच्या काकांनी केला. धण्याच्या तेलाचा मोठा हिस्सा लिनालूल या द्रव्याचा असतो आणि हॉपच्या फुलासारख्या गंधामागेही तेच द्रव्य असते, त्यामुळे ती नोंद मी ठळक अक्षरांत लिहून ठेवली. गटातील एका ताईंनी 'तिरफळ' लिहिले. बांगड्याच्या आमटीत घातलेल्या तिरफळाचा लिंबासारखा, किंचित झोंबणारा वास ज्याला माहीत आहे, त्याला अमारिलो आणि बेल्जियन यीस्ट एकत्र आल्यावर काय होते ते या एका शब्दातून कळेल.

चवीच्या रकान्यात मात्र नऊपैकी सात जणांनी 'फार कडू' असे लिहिले आणि त्यांतील चौघांनी दुसरा घोट नको म्हटले. ४२ आयबीयू आमच्या गटाला जड जात आहेत, असा अर्थ मी काढला. पुढील बॅचमध्ये उकळीतील हॉप कमी करून ३० आयबीयूवर यायचे ठरले.

१७ फेब्रुवारी २०२५

दुसरी बॅच झाली. उकळीतील साझ कमी केला; बाकी सर्व तसेच. चिलर नीट चालला आणि पहिले दोन दिवस १९ अंशांवरच ठेवून मग २३ अंशांपर्यंत चढू द्यायचे ठरले आहे. कोरडे हॉपिंग, म्हणजे आंबवणीनंतर थंड होत आलेल्या बिअरमध्ये हॉपच्या गोळ्या थेट टाकणे, पहिल्या बॅचप्रमाणेच दर लिटरला ६ ग्रॅम आणि सहा दिवस.

२२ फेब्रुवारी २०२५

आजचा दिवस फार मोलाचा ठरला. सहकाऱ्याचा भाऊ जहाजावर नोकरीला आहे. अँटवर्पहून घरी येताना त्याने दोन लिटरच्या मर्यादेत बसणाऱ्या सहा बाटल्या आणल्या : ओरवालच्या चार आणि ब्रसेल्सच्या 'तारास बुल्बा'च्या दोन. ओरवालच्या बाटलीवर ती भरल्याची तारीख छापलेली असते. चारांपैकी दोन बाटल्या सुमारे सहा महिन्यांच्या आणि दोन जवळजवळ दोन वर्षांच्या निघाल्या.

ओरवालला १२ अंशांच्या आसपास ओतले. ६.२ टक्के अल्कोहोलची ही बिअर मुख्य आंबवणीनंतर कोरडी हॉप केली जाते आणि बाटलीत भरताना तीत ब्रेटानोमायसिस जातीचे यीस्ट घातले जाते. हे यीस्ट साध्या यीस्टला न पचणाऱ्या शर्करा महिनोन्‌महिने हळूहळू खात राहते. त्यामुळे तीच बिअर वयाबरोबर कोरडी होत जाते, हॉप मागे सरतो आणि कातडे, वाळलेले गवत, जुन्या लाकडी पेटीचा आतला भाग असे गंध पुढे येतात. सहा महिन्यांच्या बाटलीत संत्र्याची साल आणि हिरव्या पाल्याचा वास स्पष्ट होता. दोन वर्षांच्या बाटलीवर फेणीवाले बराच वेळ थांबले आणि मग त्यांनी 'पावसाळ्यात बंद ठेवलेल्या गोठ्यातला कोरडा पेंढा' असे लिहिले. परदेशी तक्त्यांत ब्रेटानोमायसिससाठी घोड्याच्या अंगावरील घोंगडीची उपमा वारंवार येते. आमच्या माणसांपैकी कोणीही तशी घोंगडी कधी हुंगलेली नाही, म्हणून तक्त्यात पेंढाच राहील.

'तारास बुल्बा' फक्त ४.५ टक्क्यांची आहे, पण तिचा कडूपणा अंगाच्या मानाने बराच ठळक आहे. गटातील कोणीही ती नाकारली नाही. सरांनी ग्लास खाली ठेवून मला विचारले, "ही आपल्या बिअरपेक्षा कडू आहे की नाही, ते सांगा बघू." मी म्हटले, निदान तेवढी तरी असावी. ते म्हणाले, "मग ती आपल्यासारखी तोंडाला का धरत नाही?" तो प्रश्न मी तसाच वहीत उतरवला आहे. तेव्हा मला त्याचे उत्तर देता आले नाही.

१५ मार्च २०२५

शिगमोमुळे निम्मा गट गावोगावी गेला आहे. चाखणी नाही. दुसऱ्या बॅचमधील हॉपच्या गोळ्या वेळेवर काढल्या, पण घनता १.००७ वरून १.००५ वर उतरली आहे. हॉपमध्ये थोडी विकरे असतात. ती बिअरमधील न आंबलेल्या डेक्स्ट्रिनचे, म्हणजे यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या शर्करांचे, तुकडे करतात आणि उरलेले यीस्ट ते खाते. दोन अंकांच्या या घसरणीने अल्कोहोल ५.९ टक्क्यांवरून सुमारे ६.२ टक्क्यांवर गेले, म्हणजे लेबलावरचा आकडा बदलावा लागेल. शिवाय बाटल्या आधीच भरल्या असत्या तर आतला दाब वाढला असता. सलग तीन दिवस घनता स्थिर राहिल्याशिवाय बाटली भरायची नाही, असा नियम फळ्यावर लिहिला.

२५ मार्च २०२५

दुसऱ्या बॅचची चाखणी. आयबीयू ४२ वरून ३० वर आणूनही नऊपैकी सहा जणांनी पुन्हा 'फार कडू' असेच लिहिले. गंधाला या वेळी चांगले शब्द मिळाले, फणस जवळपास नाहीसा झाला आहे आणि लवंग व पपनस एकमेकांना जागा देत आहेत. पण चव तिथेच अडली आहे. आणखी हॉप कमी केला तर ही बिअर करण्याचे कारणच उरणार नाही.

चाखणी संपल्यावर सर थांबले. त्यांनी जे सांगितले ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत लिहितो. आयुर्वेदात सहा रस आहेत : मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. त्यांतील कटु म्हणजे मिरीसारखे झोंबणारे. कडुनिंबाची चव ही तिक्त, आणि हिरड्याची ती कषाय. मराठीने कटु शब्दापासून कडू घेतला, पण त्याचा अर्थ तिक्ताकडे सरकवला, आणि झोंबणाऱ्या चवीला तिखट म्हटले. "शब्द एकदा सरकला की तो पसरतो," असे ते म्हणाले. "घरातली माणसे काजूच्या अर्धकच्च्या बोंडूलाही कडू म्हणतात आणि कारल्यालाही. तुमच्या तक्त्यात तुरट हा रकानाच नाही. मग जे जे नको वाटले ते सगळे लोकांनी कडू या एकाच रकान्यात टाकले."

तक्ता मी एका परदेशी नमुन्यावरून बेतला होता. त्यात कडूपणाला एक मोठा रकाना होता, आणि तुरटपणा अगदी शेवटी, 'तोंडातील जाणीव' या मथळ्याखाली होता. भाषांतर करताना जागा वाचवण्यासाठी तो मथळा मीच गाळला होता. या चुकीपायी एक संपूर्ण बॅच चुकीच्या दिशेने गेली, याचे मला वाईट वाटते.

२ एप्रिल २०२५

आज बिअर बाजूला ठेवून फक्त दोन चवी शिकण्याची बैठक घेतली. तुरटपणाचा नमुना म्हणून काजूचा बोंडू घ्यावा असे सर्वांच्या मनात होते, कारण हंगाम सुरू आहे आणि ती चव इथे लहान मुलालाही माहीत आहे. करून पाहिल्यावर लक्षात आले की बोंडूच्या रसात गोडी आणि आंबटपणा इतका असतो की तुरटपणा त्यांच्याआड जातो. म्हणून एक लिटर पाण्यात २ ग्रॅम हिरड्याची पूड भिजवून गाळून घेतली. कडूपणासाठी किराइताचा सौम्य काढा केला. चार ग्लास मांडले : आमचे साधे लागर, त्यात किराईत, त्यात हिरडा, आणि दोन्ही.

प्रत्येकाने घोट घेऊन वीस सेकंद थांबायचे आणि जाणीव तोंडात नेमकी कुठे व केव्हा येते ते बोलायचे, असे ठरले होते. किराइताचा कडूपणा लगेच आला, जिभेच्या मागच्या भागावर टिकला आणि लाळेबरोबर हळूहळू ओसरला. हिरड्याचे काम निराळे होते. पहिल्या क्षणी फारसे काही जाणवले नाही, मग गालांच्या आतल्या बाजूला आणि दातांच्या हिरड्यांना कोरडे, खरखरीत वाटू लागले, आणि तिसऱ्या घोटाला ते पहिल्यापेक्षा बरेच वाढले. याचे कारण असे की कडूपणा ही जिभेवरील ग्राहींनी टिपलेली चव आहे, तर तुरटपणा हा मुख्यतः स्पर्श आहे : वनस्पतीतील पॉलिफेनॉल लाळेतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंडाचे अस्तर एकमेकांवर घासल्यासारखे होते. लाळ भरून येण्याआधी पुढचा घोट घेतला तर हा परिणाम साचत जातो. दुसरा घोट नको म्हणणाऱ्या चौघांचे वागणे आता मला समजले.

मग शीतगृहातील पहिली आणि दुसरी बॅच क्रमांक बदलून पुन्हा दिली, या वेळी दोन वेगळ्या रकान्यांसह, शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर. पहिल्या बॅचच्या कडूपणाची सरासरी सहाच्या जवळ आली आणि दुसरीची चारच्या. तुरटपणा मात्र दोन्हींत साताच्या आसपास राहिला. हॉप कमी केल्याने कडूपणा कमी झाला होता. लोकांना जे नको होते ते जागचे हललेच नव्हते.

३ एप्रिल २०२५

सकाळपासून सहकाऱ्याबरोबर दोन्ही बॅचची उत्पादन-नोंदवही पाहत आहे. तुरटपणा दोन वाटांनी येऊ शकतो : मॉल्टच्या टरफलातून किंवा हॉपच्या पानांतून.

पहिली वाट लगेच सापडली. मॅशमधून, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या भरडलेल्या मॉल्टमधून, गोडी धुऊन काढताना वरून गरम पाणी सोडले जाते. आमच्या पाण्यात आम्ल मिसळलेले नव्हते, आणि शेवटी निघालेल्या पातळ वर्टचे पीएच ६.१ तर पाण्याचे तापमान ८० अंश नोंदवलेले आहे. पीएच ५.८ च्या वर गेले आणि तापमान ७७-७८ अंशांच्या पुढे सरकले की टरफलातील टॅनिन वर्टमध्ये उतरू लागते. लागर करताना हे आमच्या ध्यानात आले नव्हते, कारण तिथे आम्ही इतके शेवटपर्यंत धूत नाही.

दुसरी वाट कोरड्या हॉपिंगची. सुगंधी तेलांचा बहुतांश भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच बिअरमध्ये येतो; त्यानंतर गोळ्या तशाच ठेवल्या तर हिरव्या पाल्याचा कच्चा वास आणि पॉलिफेनॉल यांचीच भर पडत राहते. आम्ही सहा दिवस ठेवल्या होत्या. याच काळात ह्युम्युलिनोन ही ऑक्सिडीकृत आम्लेही उतरतात. ती उकळीत हॉपपासून बनणाऱ्या आयसो-अल्फा आम्लांपेक्षा कमी कडू असली तरी कडूच असतात आणि उकळीवर आधारलेल्या आयबीयूच्या हिशेबात ती धरलेलीच नसतात. म्हणजे आम्ही ज्या ३० आयबीयूवर विसंबलो होतो, तो आकडाही अपुरा होता.

७ एप्रिल २०२५

तिसरी बॅच. धुण्याच्या पाण्यात लॅक्टिक आम्ल घालून पीएच ५.५ वर आणले, तापमान ७५ अंशांवर रोखले आणि शेवटचे पातळ वर्ट सोडून दिले. त्यामुळे उतारा थोडा कमी आला. तेवढे मॉल्ट वाढवून भरपाई केली. उकळीतील हॉप पुन्हा वाढवून ३८ आयबीयूवर नेले. सहकाऱ्याला हे धाडस वाटले, पण कडूपणा दोषी नव्हता तर तो कमी ठेवण्याचे कारण नाही, असे मी आग्रहाने मांडले.

आंबवणीनंतर बिअर दोन टाक्यांत प्रत्येकी २५० लिटर विभागायची आहे. दोन्हींत दर लिटरला ४ ग्रॅम हॉप, पण एकीत ३६ तास आणि दुसरीत सहा दिवस. धुण्याची पद्धत दोन्हींना समान असल्यामुळे जो फरक दिसेल तो हॉपच्या मुक्कामाचा असेल.

१४ मे २०२५

तिसऱ्या बॅचची चाखणी. आधी त्रिकोणी चाचणी घेतली, म्हणजे तीन ग्लासांपैकी दोन एकाच टाकीचे आणि एक दुसरीचा. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिघांपैकी एकाचे उत्तर बरोबर येतेच, म्हणून नऊ जणांत निदान सहा बरोबर आले तरच फरक खरा मानायचा, असे या चाचणीचे गणित आहे. आज सात जणांनी बरोबर ओळखले. ग्लास मांडण्याचे सहाही क्रम आलटून पालटून वापरले होते, त्यामुळे पहिला किंवा शेवटचा ग्लास निवडण्याच्या सवयीचा फायदा कोणाला मिळाला नसावा.

मग दोन्ही टाक्या वेगवेगळ्या चाखल्या. छत्तीस तासांच्या टाकीचा तुरटपणा तीनवर आला आणि सहा दिवसांच्या टाकीचा जवळजवळ पाचवर. यावरून धुण्याची पद्धत आणि हॉपचा मुक्काम हे दोन्ही दोष होते, असे दिसते. पण दुसऱ्या बॅचमध्ये हॉपचे प्रमाणही जास्त होते, म्हणून या दोन कारणांचे नेमके वाटप मी इथे लिहीत नाही. कडूपणा दोन्हींत साडेपाचच्या आसपास आहे, म्हणजे दुसऱ्या बॅचपेक्षा जास्त, आणि तरीही एकानेही 'फार कडू' लिहिले नाही. आठ जणांनी छत्तीस तासांच्या टाकीचा ग्लास पूर्ण संपवला.

गंधाचे वर्णन मी सविस्तर नोंदवतो, कारण हीच या प्रकल्पाची खरी कमाई आहे. ग्लास नाकाशी नेल्यावर आधी पपनसाची साल आणि त्यामागे मानकुराद आंब्याच्या देठाजवळचा चिकाचा तीव्र गंध येतो. फेस बसू लागला की लवंग जाणवते, पण ती डबीतील लवंगेसारखी उग्र नसून भातात शिजून मऊ झालेल्या लवंगेसारखी आहे. बेल्जियन यीस्ट मॉल्टमधील फेरुलिक आम्लापासून ४-व्हिनाइल ग्वायाकॉल बनवते, आणि त्या द्रव्याचे लवंगेतील युजेनॉलशी नाते आहे, म्हणून हा गंध इतका ओळखीचा वाटतो. १२ अंशांच्या पुढे गेल्यावर साझचा मातकट, वाळलेल्या पाल्याचा गंध उघडतो आणि अमारिलो मागे जातो. घोटानंतर मिरीची किंचित ऊब राहते. कुंडईच्या ताईंनी ग्लास रिकामा झाल्यावर तो पुन्हा हुंगला आणि 'देवाऱ्यातील कालचे अनंताचे फूल' असे लिहिले. मी तो ग्लास लगेच घेऊन पाहिला. त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे होते.

सरांनी या वेळी तक्त्यावर एकच दुरुस्ती केली. मी तुरटपणाच्या पट्टीच्या वरच्या टोकाला 'वाईट' असे लिहिले होते. त्यांनी ते खोडून तिथे 'हिरडा' आणि खालच्या टोकाला 'पिकलेला बोंडू' असे लिहिले. चाखणाऱ्याने आधी किती ते सांगावे, बरे की वाईट ते नंतर, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

१६ मे २०२५

छत्तीस तासांच्या टाकीतील बिअर बाटल्यांत भरली. तपकिरी बाटल्या घेतल्या आहेत. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून आलेला प्रकाश हॉपच्या कडू द्रव्यांवर रायबोफ्लेविनच्या साहाय्याने क्रिया करून गंधकयुक्त दुर्गंधी निर्माण करतो. इथल्या उन्हात समुद्रकिनाऱ्यावरील टेबलावर त्याला फार वेळ लागत नाही. बारा बाटल्या ४ अंशांवर आणि बारा गोदामातील उघड्या फळीवर ठेवल्या आहेत.

११ जुलै २०२५

आठ आठवड्यांनी दोन्ही साठ्यांची चाखणी झाली. बाहेर मुसळधार पाऊस होता आणि चाखणारे आठच आले.

थंड ठेवलेली बिअर मे महिन्यातील नोंदींशी जवळपास जुळते. पपनस थोडे मावळले आहे. गोदामातील बाटल्यांत मात्र अमारिलोचा मागमूस उरलेला नाही. त्याच्या जागी मध, मनुका आणि पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा गंध आला आहे. लवंग पूर्वीइतकीच आहे. हॉपची तेले ऑक्सिजन आणि उष्णतेपुढे टिकत नाहीत, काही बुचाच्या अस्तरातही शोषली जातात. यीस्टने दिलेला लवंगेचा गंध त्यामानाने चिवट निघाला. परिणामी गोदामातील बिअर ही जुनी झालेली हॉपदार बिअर वाटतच नाही, ती सरळ मसाल्याची बिअर वाटते. ज्या ग्राहकाने ती पहिल्यांदा चाखली त्याला इथे कधी हॉप होता हे कळणारही नाही. मला ही गोष्ट तुरटपणापेक्षाही अधिक गंभीर वाटते, कारण तुरटपणाची तक्रार कोणीतरी करतो, पण हरवलेल्या गंधाची तक्रार करायला तो आधी माहीत असावा लागतो.

कडूपणाही बदलला आहे. आठपैकी पाच जणांनी गोदामातील बाटलीचा कडूपणा 'रेंगाळणारा आणि बोथट' असा लिहिला, आणि तुरट व कडू हे रकाने कोणीही एकमेकांत मिसळले नाहीत. फेणीवाल्यांनी आपणहून 'हा किराइताकडचा आहे, हिरड्याकडचा नाही' अशी टीप जोडली आहे.

ठरलेल्या गोष्टी : लेबलावर बाटली भरल्याची तारीख मोठ्या मराठी अक्षरांत छापायची. शीतकपाट नसलेल्या दुकानाला ही बिअर द्यायची नाही, मग विक्री कमी झाली तरी चालेल. चौथ्या बॅचमध्ये बाटली भरण्यापूर्वी तिच्यात कार्बन डायऑक्साइड दोनदा सोडून आतली हवा काढायची, आणि अमारिलोचा अर्धा वाटा उकळीनंतरच्या गरम वर्टमध्ये हलवून पाहायचा. साझ तसाच राहील. पावसामुळे हॉपची खेप मुंबईहून उशिरा निघाली आहे. ती शीतपेटीतून आली आणि पाकिटांची निर्वात सीलबंदी शाबूत असली तर २१ जुलैला चौथी बॅच घेऊ.